ब्रासमागं अडीच टन माल गेला कुठं? दगड कुजतो कसा ते घरच्या काट्यावर मोजायची पद्धत

मी साताऱ्यात खडी, डस्ट, मुरूम सप्लाय करतो आणि धंद्यात पडायच्या आधी तीन वर्षं जिऑलॉजीत बीएस्सी केलीय, त्यामुळं घरातले म्हणतात ह्याला दगडाशिवाय काय सुचतच नाही. असो. गिऱ्हाईक रोज विचारतं मुरूम चांगला आहे का, पण मुरूम म्हंजे नेमकं काय हे एकानंही कधी विचारलं नाही. मुरूम म्हंजे कुजलेला काळा पाषाण. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात विदारण म्हणून जे होतं ते हेच, पाच मार्काला यायचं आणि परीक्षेनंतर विसरायचं. पण हे घरी मोजता येतंय, आणि मोजल्यावर जो आकडा निघतो तो बघून मी स्वतः गप्प बसलो होतो, म्हणून ही पद्धत लिहून ठेवतोय.

सामान फार लागत नाही. किचनमधला डिजिटल काटा, पाच किलोपर्यंतचा चालतो, पण त्यात टेअरचं बटण पाहिजे. एक प्लास्टिकची बादली नाहीतर मोठा डबा, शिलाईचा जाड दोरा, पोळ्या गुंडाळायची पातळ प्लास्टिक फिल्म, बिघडलेल्या स्पीकरमधला लोहचुंबक, लिंबू किंवा व्हिनेगर, आणि पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा दीड-दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर. हातोडी घ्याल ती गवंड्याची घ्या, सुताराची नको, तिचा दांडा पहिल्या दिवशीच मोडतोय. आणि दगड फोडताना डोळ्याला चष्मा लावायचा, काळ्या पाषाणाची कपची काचेसारखी उडते.

आता दगड कुठनं घ्यायचा. सगळ्यात भारी जागा म्हंजे नवीन विहीर, घराचा पाया किंवा रस्ता रुंदीकरणात कापलेली दरड, कारण तिथं वरची माती, मग मुरूम, मग मुरमात अडकलेले गोल गोटे आणि सगळ्यात खाली कातळ असा सगळा क्रम एका भिंतीत उभा दिसतोय. शेतकऱ्याला विचारून आत जा आणि पावसाळ्यात दरडीखाली अजिबात थांबू नका. कासच्या पठारावरनं काही उचलायचं नाही, तो वारसा स्थळाचा भाग आहे आणि तिथल्या जांभ्यावर मातीचा जो बोटभर थर आहे त्यावरच ती सगळी फुलं जगतात. किल्ल्याच्या तटाला आणि कुठल्याही कोरीव दगडाला हातोडी लावणाऱ्याला तर मी माझ्या गाडीत पण बसवणार नाही.

एकाच दरडीतनं तीन नमुने घ्यायचे. एक खालचा ताजा कातळ, फोडल्यावर आतनं निळसर काळा दिसणारा आणि हातोडी मारली की खणखण वाजणारा. दुसरा गोट्याचा सालपटासकट तुकडा. तिसरा मुरमाचा ढेकूळ, पण सैल भुगा नको, जागचा अख्खा निघालेला पाहिजे. हा तिसरा काढायलाच वेळ लागतो, चाकूनं सगळ्या बाजूनं कोरून अलगद उचलायचा, मी पहिल्यांदा पहार घातली आणि हातात नुसती भुकटी आली.

ढेकूळ घेताना एक गोष्ट नीट बघा. आपल्या पाषाणात बऱ्याच ठिकाणी पांढरे ठिपके असतात, लाव्ह्यात हवेचे बुडबुडे राहिले आणि नंतर त्यात गारगोटी नाहीतर झिओलाइट नावाचं पांढरट खनिज भरलं तेच हे. कुजलेल्या ढेकळातही ते ठिपके, जुन्या चिरा सगळं जागच्या जागी दिसत असेल, म्हंजे दगड हलला नाही, फुगला नाही, उभ्या उभ्याच कुजलाय, तर तो नमुना आपल्या कामाचा. ठिपके पसरलेत किंवा ढेकूळ काळ्या मातीसारखं चिकट झालंय तर सोडून द्या, पुढचं गणित त्याला लागू होत नाही.

आता वजन. ढेकूळ दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, मग काट्यावर वजन घ्या, समजा ४३० ग्रॅम. मग ते फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा, आत हवा राहता कामा नये. काट्यावर पाण्यानं अर्धी भरलेली बादली ठेवून टेअर दाबा म्हंजे काटा शून्यावर येतो, आणि मग ढेकूळ दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं हातानं धरून ठेवा. आता काटा जो आकडा दाखवतोय तो ढेकळानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हंजेच ढेकळाचा आकार घन सेंटिमीटरमध्ये. तळाला टेकलं की आकडा एकदम वाढतो, तो घेऊ नका, आणि हात थरथरत असेल तर दोरा पट्टीला बांधून पट्टी दोन स्टुलांवर ठेवा. माझ्याकडं आला २१५. ४३० भागिले २१५, घनता २. ताजा पाषाण गुंडाळायची गरज नाही, तो होता ६१२ ग्रॅम आणि पाण्यात २१२, म्हंजे घनता २.८९.

आता हे आमच्या धंद्याच्या भाषेत बघा. एक घनफूट ताजा पाषाण साधारण ८२ किलो. तेवढीच जागा व्यापणारा जागचा मुरूम ५७ किलो. दगड फुगला नाही, दबला नाही, ठिपके जागेवर आहेत, तरी घनफुटामागं २५ किलो गायब. १०० घनफुटांचा ब्रास धरला तर ब्रासमागं अडीच टन. गाडीत भरलेला सैल ब्रास म्हणत नाही मी, जमिनीतला जागचा ब्रास. माझ्या गाडीतनं एवढा माल कमी गेला असता तर गिऱ्हाइकानं मला गावात फिरू दिलं नसतं, इथं मात्र कुणी तक्रार पण केली नाही.

माल नेला पाण्यानं. पाऊस हवेतनं पडताना थोडा कार्बन डायऑक्साइड घेतो आणि सोड्यासारखा किंचित आंबट होतो, पण खरी गंमत मातीत आहे, मुळं आणि जिवाणू श्वास घेतात त्यामुळं मातीतल्या हवेत हा वायू बाहेरच्यापेक्षा १० ते १०० पट असू शकतो. तिथनं झिरपणारं पाणी दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि थोडी सिलिका विरघळवून घेऊन जातंय, मागं राहतं लोह, ॲल्युमिनियम आणि चिकणमाती. मुरमाचा तांबूस-पिवळा रंग म्हंजे लोहाला चढलेला गंज. ताज्या तुकड्याजवळ दोऱ्याला टांगलेलं लोहचुंबक नेलं तर ते ओढलं जातंय, मुरमाजवळ बहुतेक वेळा ओढ कमी होते, कारण आतलं मॅग्नेटाइट गंजलेलं असतं. जांभ्यावर मात्र ही टेस्ट फसवते, काही तुकडे चांगलेच ओढतात, तेव्हा नुसत्या चुंबकावर निकाल देऊ नका.

कुठलं खनिज आधी मरतंय आणि कुठलं टिकतंय ह्याचा क्रम सॅम्युएल गोल्डिच ह्या भूवैज्ञानिकानं १९३८ मध्ये मांडला. ऑलिव्हिन, पायरोक्सीन आणि कॅल्शियमवालं फेल्डस्पार आधी जाणार, क्वार्ट्झ सगळ्यात शेवटी. साधारण जे जास्त तापमानाला जन्मलं ते जमिनीवर लवकर सडतं. आपला पाषाण जवळजवळ सगळा लवकर मरणाऱ्या गटातलाच, म्हणून तर एवढी काळी माती झाली. नदीच्या पात्रात बघा, टिकलेल्या असतात त्या गारगोट्या, त्या क्वार्ट्झच्याच भाऊबंद.

आता गोट्यांकडं येतो, कारण ह्या गोट्यांनी माझं स्वतःचं नुकसान केलंय. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला उभ्या-आडव्या चिरा पडल्या, म्हंजे कातळाचे चौकोनी ठोकळे झाले. पाणी चिरेतनं शिरतं. ठोकळ्याच्या सपाट बाजूला ते एकाच दिशेनं खातंय, कडेला दोन दिशेनं आणि कोपऱ्याला तीन दिशेनं, त्यामुळं कोपरा आधी गळतो आणि चौकोनी ठोकळ्याचा आतल्या आत गोल गोटा बनतो, बाहेरनं कांद्यासारखी सालं सुटतात. आमच्या घराचा पाया काढताना पोकलेन सात फुटांवर खणखण वाजलं. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "शेठ, हार्ड लागला, आता काँक्रीट ओता." वडिलांनी मला विचारलं, "काय रे, बरोबर आहे का?" आणि मी जिऑलॉजीवाला मान हलवून मोकळा झालो. दोन पावसाळे गेले आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्याला तिरकी भेग पडली, बोट जाईल एवढी. बाजूला खणून बघितलं तर तो कॉलम मुरमात तरंगणाऱ्या चारफुटी गोट्यावर बसलेला होता, खाली परत मुरूम, कातळ आणखी सहा फुटांवर. वडील काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हा पाया बघताना असं करा. आवाजावर जाऊ नका, गोटा पण कातळासारखाच वाजतो. खड्ड्याच्या भिंतीत कांद्याची सालं दिसतात का बघा, दिसली की समजा गोट्यांचा पट्टा आहे आणि तळाला जो कठीण लागलाय तो पण गोटा असू शकतो. प्रत्येक कॉलमच्या जागी ब्रेकरनं नाहीतर ड्रिलनं आणखी पाचेक फूट खाली जाऊन बघायला सांगा, खर्च होतो पण भेगेपेक्षा कमी. ओळखीच्या सिव्हिल इंजिनिअरकडं काँक्रीट तपासायचा रिबाउंड हॅमर असेल तर तो मागून घ्या, संशोधकसुद्धा दगड किती कुजलाय ते मोजायला तोच वापरतात. सपाट जागा घासून दहा ठिकाणी मारायचा आणि सरासरी काढायची, ताजा कठीण पाषाण बहुतेक ५० च्या आसपास किंवा वर जातो, कुजकं साल २० च्या खाली येतं. पण परत सांगतो, गोट्यावर मारला तरी ५० च येणार.

वेळेचा हिशोब कसा लावायचा हा पुढचा प्रश्न, किती वर्षांत किती कुजलं. ह्याला साल माहीत असलेला दगड लागतो. आर्चिबाल्ड गीकी ह्या स्कॉटिश भूवैज्ञानिकानं १८८० मध्ये एडिंबरातल्या कबरींच्या दगडांवरनं हेच केलं, मेलेल्याचं साल कोरलेलंच असतं, अक्षरं किती झिजली ते बघायचं. आपल्याकडं त्यासाठी घाट, समाध्या, शाळेच्या कोनशिला आहेत. मी लोकांना साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटेच्या विहिरीवर पाठवतो. शके १६४१ ते १६४६, म्हंजे इसवी सन १७१९ ते १७२४ असं तिचं साल शिलालेखातच आहे, वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतली. तीनशे वर्षं झाली तरी तिथलं कोरीवकाम स्पष्ट ओळखू येतंय. हात लावू नका, नुसता फोटो काढा आणि सावलीतला, पाऊस लागणारा आणि कायम ओलसर असलेला असे तीन दगड शेजारी शेजारी ठेवून बघा. तुमच्या गावात साल कोरलेली पायरी असेल तर अक्षराच्या खाचेची खोली व्हर्नियरनं मोजा, एक आडोशाची आणि एक पावसाच्या बाजूची.

मग शंका येते की तीनशे वर्षांत कोरीवकाम गेलं नाही आणि त्याच जातीच्या दगडाचा बाजूच्या शेतात मुरूम कसा झाला. मुरमाला लाखो वर्षं मिळाली हे खरंच, पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. उघडा घडीव दगड पाणी खाली सांडून देतो आणि तासाभरात वाळतो, मातीतला दगड महिनोन् महिने आंबट पाण्यात बसलेला असतो. लोणच्यातली कैरी आणि उन्हात ठेवलेली कैरी, तसं आहे ते. म्हणून दगडाचं नुसतं वय विचारून भागत नाही, तो ओला किती राहिला ते विचारावं लागतं. उघड्या दगडावर दगडफूल चढलं असेल तर मात्र ते खाली ओल धरून ठेवतं आणि स्वतःचं ॲसिडही सोडतं, तिथं साल लवकर सुटतं. हो, मसाल्यातलंच दगडफूल, त्याच्याच गोतावळ्यातलं.

ह्या ओलीचा फरक बघायला आपल्या जिल्ह्यासारखा जिल्हा नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तिकडं माण-खटावात ५०० च्या आसपास, खाली दगड तोच, बसाल्ट, म्हंजे आपला काळा पाषाण. महाबळेश्वर, पाचगणीचं टेबललँड, कास इथं डोक्यावर जांभा आहे, म्हंजे कुजण्याचं शेवटचं टोक, जाण्यासारखं सगळं गेलं आणि लोह-ॲल्युमिनियमचं कवच उरलं. हा जांभा आजच्या पावसानं झालेला नाही, तो फार जुना आहे, तेव्हाच्या उष्ण दमट हवेत बनलेला, पण तत्त्व तेच. माणकडं पाणी एवढं नाही की सगळं वाहून नेईल, तिथं विरघळलेलं कॅल्शियम थोडं खाली जाऊन परत चुनखड म्हणून बसतं. लिंबू पिळा त्यावर, फसफसलं की चुनखड, नुसतं ओलं झालं तर झिओलाइट असण्याची शक्यता जास्त. आणि सांगलीकडं, नदीकाठच्या ऊसपट्ट्यात जिथं पाणी भरमसाट दिलं जातं पण निचरा नाही, तिथं हेच क्षार वर येऊन बसतात आणि जमीन चोपण होते. दगडातनं निघालेल्या मालाला बाहेर जायला वाट मिळाली नाही की असं होतं.

आता टीडीएस मीटर काढा. पावसाचं पाणी पहिले दहा मिनिटं सोडून स्टीलच्या पातेल्यात धरा, मग जांभ्याखालच्या झऱ्याचं, मग शेतातल्या विहिरीचं. माझे आकडे आले १४, ३८ आणि ५२०. विहिरीत खताचा पण वाटा असतो म्हणून शक्यतो बिनबागायती भागातली विहीर धरा. जांभ्याचा झरा एवढा हलका का, तर त्या दगडातनं द्यायचं होतं ते कधीच देऊन झालंय. आणि बोअरचं पाणी तापवून गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो ना, ज्याला आपण क्षार धरला म्हणतो, तो आपल्या ब्रासमधनं गेलेल्या अडीच टनातलाच आहे. त्यावर लिंबू पिळा, फसफसेल. तेव्हा जो वायू सुटतो त्यातला बराचसा मातीतल्या हवेतनंच पाण्यात आलेला असतो.

राहिलेला माल कृष्णेतनं सांगलीवरनं पुढं बंगालच्या उपसागरात जातो. कॅल्शियमचे शंख-शिंपले होतात आणि हवेतला कार्बन दगडात अडकतो, म्हणून लाखो वर्षांच्या हिशोबात दगड कुजणं हा पृथ्वीच्या तापमानाचा ब्रेक आहे. ह्यावरनं हल्ली लोक क्रशरची डस्ट शेतात टाकून कार्बन पकडा म्हणतात. मी डस्ट विकतो तरी सांगतो, आपली काळी माती आधीच बसाल्टची आणि अल्कलीकडं झुकलेली, तिथं डस्ट हळू विरघळणार. आम्लधर्मी, जास्त पावसाच्या जमिनीत ते जास्त शोभतं. आधी माती तपासा, मग मला फोन करा.

मॅग्नेशियमची गोष्ट वेगळी आणि तिथनं विषय थेट खंडापर्यंत जातो, पण ती कळायला आधी खंड हलका का ते बघू. किचनच्या ओट्याचा तुकडा आणून त्याची घनता काढा. पण काळा ग्रॅनाइट नको, दुकानात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो बहुतेक डोलेराइट नाहीतर गॅब्रो असतो, बसाल्टचाच जाड दाण्याचा भाऊ, तो २.९ च्या आसपास किंवा वर भरेल. गुलाबी किंवा करडा, दाणे डोळ्याला दिसणारा घ्या. माझा ३५० ग्रॅम, पाण्यात १३२, म्हंजे २.६५. हा हलकेपणा म्हंजेच खंडांचं गुपित. खालच्या मँटलची, म्हंजे कवचाखालच्या जाड थराची, घनता ३.३ च्या आसपास, त्यावर खंडाचं ३५ ते ४० किलोमीटर जाडीचं कवच लाकडाच्या ओंडक्यासारखं तरंगतंय. समुद्राखालचं कवच बसाल्टचं, साधारण ७ किलोमीटर, जड, ते परत खाली बुडतं, म्हणून समुद्रतळ बहुतेक सगळा २० कोटी वर्षांच्या आतला आणि खंडावर मात्र ४०० कोटी वर्षांचा दगड सापडतो.

आपण बसाल्टवर राहतो म्हणून खंडच बसाल्टचा असं वाटतं, तसं नाही. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ ला भूकंप झाला, तिथले भूकंप समजून घ्यायला कराडच्या सरकारी प्रयोगशाळेनं गोठण्याजवळ ३ किलोमीटर खोल बोअर घेतलं. सव्वा किलोमीटरच्या आसपास बसाल्ट संपला आणि खाली ग्रॅनाइट-नाइस (नाइस म्हंजे उष्णता-दाबानं बदललेला पट्टेरी दगड) लागला, २५० कोटी वर्षांहून जुना. आपला ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा म्हंजे भाकरीवर लावलेला ठेचा.

बसाल्टमध्ये सिलिका साधारण ५० टक्के, खंडाच्या कवचाची सरासरी ६० टक्के. मँटल वितळून मिळतो बसाल्ट, मग खंड असा वेगळा कसा झाला? एक उत्तर म्हंजे पाणी मुरलेला बसाल्ट खोलवर परत वितळला की हलका, ग्रॅनाइटच्या जातीचा रस निघतो. दुसरं उत्तर तुमच्या बादलीत आहे, पाऊस खंडावरनं मॅग्नेशियम-कॅल्शियम निवडून नेतो, मॅग्नेशियम समुद्रतळाच्या गरम भेगांत खनिज होऊन बसतं आणि तळ बुडाला की त्याच्याबरोबर मँटलमध्ये परत जातं, खंडावर उरतो सिलिका-ॲल्युमिनियमवाला गाळ, तो गाडला जातो, तापतो, वितळतो. दोन्हीचा वाटा किती ह्यावर संशोधकांत अजून भांडण आहे.

ज्याला हे पुढं न्यायचंय त्यानं नमुन्याची एक्सआरएफ टेस्ट करून घ्यावी, क्ष-किरणांनी दगडात काय किती आहे ते मोजतात ती. नेसबिट आणि यंग ह्यांनी १९८२ मध्ये एक निर्देशांक दिला, ॲल्युमिनाला ॲल्युमिना अधिक कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियमच्या ऑक्साइडच्या बेरजेनं भागायचं आणि १०० नं गुणायचं. ताजा बसाल्ट ३० ते ४५, पूर्ण कुजलेला १०० कडं. दोन चुका सगळे करतात, रिपोर्टमधले वजनाचे टक्के तसेच घालतात, आधी प्रत्येकाला त्याच्या रेणुभारानं भागायचं असतं, आणि चुनखडीची रेघ असलेला नमुना पाठवतात, मग कॅल्शियम फुगतं आणि कुजका दगड ताजा दिसतो. पाठवायच्या आधी लिंबू पिळून बघा, पण तो तुकडा वेगळा, पाठवायचा नाही.

नंबर मार्करनं टाकू नका, पाण्यात जातो, ऑइल पेंटचा ठिपका द्या आणि वहीत जागा, खोली, तारीख लिहा. माझा सात नंबरचा दगड दोन महिने सापडत नव्हता, शेवटी आईनं कैरीच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवलेला निघाला. परत मोजला, २.९१, धुऊन तिथंच ठेवला.